तंजावरचा राजवाडा - खाजगी गाईड घेऊन एका दिवसात (अनुभव + चर्चा)

पाटणकरीण

मागे इथेच कोणीतरी विचारलं होतं की त्रिचीहून तंजावर एका दिवसात होतं का आणि त्यासाठी स्वतंत्र गाईड घ्यावा का, तेव्हा कोणी नीट उत्तर दिलं नव्हतं म्हणून सविस्तर लिहितेय. मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

आम्ही चौघं, मी, नवरा आणि सासू-सासरे. त्रिचीत मुक्काम होता, तिथून तंजावर पंचावन्न-साठ किमी, रस्ता चांगला आहे. गाडी त्रिची ते त्रिची दिवसभरासाठी तीन साडेतीन हजाराच्या आसपास पडली आणि गाईड वेगळा ठरवला. हे दोन्ही वेगळं ठरवा असं माझं ठाम मत आहे. पॅकेजमध्ये जो "गाईड" येतो तो बऱ्याचदा इंग्रजी बोलणारा ड्रायव्हरच असतो, तो गेटवर सोडून "यू सी अँड कम सर" म्हणतो आणि गाडीत झोपतो. आमच्या गाईडकडे पर्यटन खात्याचं ओळखपत्र होतं, गळ्यातच घातलेलं. फोनवरच त्यांना सांगून ठेवलं होतं की आम्ही महाराष्ट्रातले, आम्हाला देऊळ बघायचंच आहे पण जास्त वेळ राजवाड्याला हवाय आणि मराठा काळ नीट ऐकायचाय. हे सांगितलं नाही तर गाईड चोळांवर तीन तास बोलतो आणि राजवाडा पंधरा मिनिटात उरकतो, कारण त्यांचे बहुतेक पर्यटक तेच मागतात.

क्रम असा ठेवला. सकाळी लवकर निघून आधी बृहदीश्वर, कारण देऊळ दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतं ते चारला उघडतं, आणि अनवाणी चालायचं असल्यामुळे दहा नंतर दगड असा तापतो की आजीआजोबा चालूच शकत नाहीत. राजवाडा मात्र दुपारीही चालू असतो आणि बराचसा सावलीत आहे, तेव्हा ऊन वर आलं की तिकडे. दोन्हीमध्ये अंतर जेमतेम दीड-दोन किमी.

देवळाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर इथे ढीगभर धागे आहेत. राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलं, विमान (गाभाऱ्यावरचं शिखर) दोनशे फुटांच्या वर, बाकी फोटो बघा. फक्त एक गोष्ट कृपया चुकवू नका. नैऋत्य बाजूच्या ओवरीच्या भिंतीवर मराठीत, देवनागरीत, भोसले घराण्याचा अख्खा इतिहास कोरलेला आहे, 1803 सालचा, तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी कोरवून घेतलेला. ओळीमागून ओळ, भिंतच्या भिंत. सासरे तिथे थांबले ते हलेचनात, बोट फिरवत (हात न लावता हो) शब्द लावत बसले, आजूबाजूची तमिळ मंडळी त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती.

आता राजवाडा. आधीच सांगते, म्हैसूर किंवा जयपूर डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल. चकाचक नाही. काही भाग पडका, काही भागात सरकारी ऑफिसांचा वास, कबुतरं, पाट्या कमी आणि असल्या तरी बोलत काहीच नाहीत. त्यात सगळं वेगवेगळ्या लोकांच्या ताब्यात, म्हणजे आर्ट गॅलरी वेगळी, सरस्वती महाल लायब्ररीचं म्युझियम वेगळं, राजघराण्याचं म्युझियम वेगळं, तिकिटं वेगळी, कॅमेऱ्याचे पैसे वेगळे. एकटं गेलं की माणूस एका दारातून आत जातो, दुसरं दार दिसतच नाही, आणि "एवढंच?" म्हणून परत येतो. गाईडचे पैसे वसूल होतात ते इथे.

वाडा मुळात नायक राजांचा. मग 1670 च्या दशकात व्यंकोजीराजे, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, आदिलशाहीकडून मदुरेच्या नायकाला हटवायला आले आणि स्वतःच गादीवर बसले. तिथपासून 1855 पर्यंत भोसले. मराठा दरबार हॉलमध्ये खांबांवर, कमानींवर, भिंतींवर रंगच रंग आहेत. गाईडने आम्हाला खांबांकडे न बघता आधी मागच्या भिंतीवर बघायला लावलं, मग छताकडे, मग कुठलं काम नायकांचं आणि कुठे नंतर भर घातली ते दाखवलं. नुसतं मी गेले असते तर दोन फोटो काढून बाहेर.

आर्ट गॅलरीत चोळ काळातली ब्राँझ आहेत. तिथे तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव बघा, 1011 सालचा. जटा सापांच्या फेट्यासारख्या गुंडाळलेल्या, एक पाय दुसऱ्यावर टाकून उभा, आणि उजवा हात हवेत टेकलेला. नंदी मूर्तीतून हरवलाय, हात मात्र अजून त्याच्या पाठीवर ठेवल्यासारखा. सासूबाई म्हणाल्या याला बैल नाहीच ते बरं, तो असता तर आपण बैलच बघितला असता :)

त्याच इमारतीत सरफोजींचा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडलेला, इंग्लंडच्या फ्लॅक्समन नावाच्या शिल्पकाराचा.

जेवण केळीच्या पानावर, मग लायब्ररी म्युझियम, मग श्वार्ट्झ चर्च, मग परत. संध्याकाळी सातला त्रिचीत. प्रश्न असतील तर विचारा.

सह्याद्रीकाठ

मस्त लिहिलंय ताई. गाईडला किती दिले ते सांगा की, तेच तर सगळ्यांना हवंय

पाटणकरीण

दोन हजार ठरले होते, शेवटी थोडे वर दिले. जेवण आमच्याबरोबर. पण हे सीझनवर, भाषेवर आणि तासांवर बदलतं, आधी फोनवरच पक्कं करा आणि "दुकानात नेणार नाही" हे सुद्धा त्यातच ठरवून टाका.

कोल्हापुरी_पायताण

दुकानाचं बरोबर बोललात!! आमच्या गाईडने राजवाड्यात चाळीस मिनिटं आणि तंजावर पेंटिंगच्या शोरूममध्ये दीड तास, भावा दीड तास. एसी चालू, कॉफी दिली, सोन्याचा वर्ख खरा आहे म्हणून काडीने खरवडून दाखवलं, बायको म्हणाली घेऊया, मी म्हणलं गाडीत ठेवायला जागा नाही. शेवटी एक लहान गणपती घ्यावाच लागला. गणपती छान आहे ते सोडा पण गाईड कुणासाठी काम करतोय ते कळलं. माझं मत, गाईड घेऊच नका, वाचून जा. सगळं नेटवर आहे.

जुनापुराणा

गाईडविरोधी पक्षात माझं पण नाव घाला, पण कारण वेगळं. दुकान परवडलं, गोष्टी परवडत नाहीत. मी दोनदा वेगवेगळ्या गाईडबरोबर गेलोय आणि दोघांनीही तोंडपाठ तीन गोष्टी सांगितल्या. एक, बृहदीश्वराच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. अहो पडते की, सकाळी जाऊन डोळ्यांनी बघा. दोन, राजवाड्यातून देवळापर्यंत आणि पुढे कुठे कुठे भुयार. प्रत्येक किल्ल्यावर हे भुयार असतंच. तीन, सांबार.

सांबाराची गोष्ट अशी की संभाजी महाराज तंजावरला आले, व्यंकोजींचा मुलगा शाहूजी याच्या स्वयंपाकघरात आमटीला कोकम संपलं होतं, मग चिंच घातली आणि पाहुण्याच्या नावावरून सांबार. आता शाहूजी गादीवर आले 1684 ला आणि संभाजी महाराजांची हत्या 1689 ला, म्हणजे मधली पाच वर्षं. त्या पाच वर्षांत महाराज कुठे कुठे लढत होते ते आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. त्यातून मेजवानीला तंजावरला कधी गेले याचा समकालीन कागद कोणी पुढे ठेवलेला मी पाहिला नाही. पण गाईड असा सांगतो की जणू तो वाढायला होता.

सह्याद्रीकाठ

म्हणजे सांबार आपलं नाही??? आज जेवण जाणार नाही मला

चेन्नईवासी_मावशी

@जुनापुराणा, गोष्ट खोटी असेल पण तिथल्या स्वयंपाकघराचा पुरावा बघायचा असेल तर तो खरा आहे. सरफोजींच्या काळातलं पाकशास्त्राचं मराठी हस्तलिखित लायब्ररीने छापलंय. म्युझियमजवळ लायब्ररीच्या प्रकाशनांची विक्री असते, तिथे विचारा. किमती बघून थक्क व्हाल, इतकी स्वस्त. मी तिथून उचलून आणते आणि पुण्याला भेट देते, पेंटिंगपेक्षा बरं.

आणि गाईड नको म्हणणाऱ्यांना एकच विचारते. नेटवर वाचून गेलात तर वृषभवाहनाच्या हातासमोर थांबलात का? पाटणकरीण थांबल्या कारण कोणीतरी थांबवलं. आम्ही चेन्नईतून पाहुणे आले की त्यांना एगमोरहून रात्रीच्या उझवन एक्सप्रेसने पाठवतो, सकाळी तंजावर, दिवसभर फिरून रात्री परत. हॉटेलचा खर्च नाही. अट एकच, गाईड आमच्या ओळखीचा.

कोल्हापुरी_पायताण

ओळखीचा असला तर प्रश्नच मिटला ना मावशी. आम्ही अनोळखी माणसं, स्टँडवर उतरलो की चार जण धावत येतात

मोडीखोर

उशीरा आलो धाग्यावर. राजवाड्यात ज्याच्यासाठी खरं जायचं ते दिसत नाही, ही अडचण कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. सरस्वती महालात जवळपास एकोणपन्नास हजार हस्तलिखितं आहेत, सगळ्यात जास्त संस्कृत, मग तमिळ, मराठी, तेलुगू. शिवाय मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे, दरबाराचे हिशेब, पत्रं, रोजचा खर्च. हे सगळं आत. पर्यटकाला दिसते ती बाहेरची म्युझियमची खोली. तिथे ताडपत्रं, सूक्ष्म अक्षरातलं रामायण, नकाशे, चिनी शिक्षांची चित्रं आणि माणसाचे चेहरे प्राण्यांच्या चेहऱ्याशी ताडून पाहणारी ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रं असा सगळा मालमसाला मांडलाय. बहुतेक लोक ती शिक्षांची चित्रं बघून हूं हूं करतात आणि निघतात.

चांगला गाईड इथे काय करतो, तर सरफोजी कोण होते ते या वस्तूंमधून जुळवून सांगतो. दत्तक मुलगा, तुळजाराजांच्या मृत्यूनंतर 1787 ला काका अमरसिंग गादीवर, पोराच्या जिवाला धोका, म्हणून श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याने त्याला मद्रासला हलवलं आणि शिकवलं. 1798 ला गादी मिळाली आणि 1799 च्या तहात कंपनीने राज्यकारभार काढून घेतला, उरला किल्ला आणि हा वाडा. म्हणजे एकवीस बावीस वर्षांचा राजा, राज्य नाही, पेन्शन भरपूर आणि डोकं तल्लख. त्याने काय केलं? पुस्तकं जमवली, 1820 च्या सुमारास काशीयात्रेला गेला तिथूनही हस्तलिखितं आणली, वाड्यात धन्वंतरी महाल नावाचा दवाखाना काढला, डोळ्याच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या, आणि देवनागरी टाईपचा छापखाना घातला ज्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. हे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात! पुण्यात तेव्हा अजून पेशवाई होती आणि छापखान्याचा पत्ता नव्हता.

हे कळल्यावर ते म्युझियम वेगळंच दिसतं. नाहीतर एका हौशी राजाचं भंगार वाटतं.

@जुनापुराणा तुमच्या तिन्ही तक्रारी मान्य. पण गाईडला प्रश्न विचारा, गोष्ट ऐकून घेऊ नका. मी सरळ म्हणतो, "भुयार सोडा, 1855 ला काय झालं ते सांगा." ज्याला येतं तो खुलतो, ज्याला येत नाही तो लगेच पेंटिंगच्या दुकानाकडे वळतो.

निवांत_नाशिक

1855 ला काय झालं मग? सांगून टाका की

मोडीखोर

सरफोजींचा मुलगा शिवाजी, तो वारला, मुलगा नव्हता. डलहौसीचा काळ, संस्थान खालसा. कंपनीने वाड्यातल्या खाजगी मालमत्तेवरही सील ठोकलं. थोरली राणी कामाक्षीबाई थेट कोर्टात गेली, मद्रासच्या कोर्टात तिच्या बाजूने निकाल लागला आणि मग लंडनला प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं शेवटचं अपील कोर्ट) 1859 मध्ये तो फिरवला, म्हणाले ही सरकारी सत्तेची कृती आहे, कोर्टाला यात पडता येत नाही. हा निकाल आजही कायदा शिकणाऱ्यांना वाचावा लागतो. त्यानंतर वारसांचे आपापसातले दावे चालले ते चाललेच, आणि त्या सगळ्यातून 1918 ला लायब्ररी लोकांसाठी खुली झाली. त्या वाड्याची तिकिटं आज इतकी वेगवेगळी का, याचं मूळ या भांडणांत असावं असं मला आपलं वाटतं.

वकीलसाहेबा

कामाची बोये साहेबा!! निकालाच्या छापील रिपोर्टमध्ये राणीचं नाव असं छापलंय, आणि मी लॉच्या पहिल्या वर्षी घोकलं होतं. मला आयुष्यात कधी कळलं नाही की ती कामाक्षीबाई आणि ती मराठी. प्रोफेसरांनी पण सांगितलं नाही. आता जायलाच पाहिजे.

पाटणकरीण

@मोडीखोर आमच्या गाईडनी श्वार्ट्झची गोष्ट चर्चमध्ये सांगितली. शिवगंगा बागेजवळ आहे, 1779 चं, लहानसं. आत फ्लॅक्समनचंच शिल्प आहे, श्वार्ट्झ मरणशय्येवर आणि तरुण सरफोजी त्यांचा हात धरून. राजवाड्यातला पुतळा आणि हे शिल्प एकाच दिवशी बघितलं तर जोडी लागते. सासूबाईंना तेच सगळ्यात आवडलं, देवळापेक्षा सुद्धा, पण हे घरी सांगू नका म्हणाल्या.

चेन्नईवासी_मावशी

😀 आणि तिथे फार कोणी जात नाही, शांत असतं. बंद असलं तर बाजूला विचारा, उघडून देतात असा माझा अनुभव.

जुनापुराणा

मोडीखोर यांच्यासारखा गाईड मिळाला तर मी पक्ष बदलतो. पण तो मिळत नाही हाच मुद्दा आहे. सामान्य माणसाने कसा शोधायचा? फोनवर सगळे गोडच बोलतात.

मोडीखोर

फोनवर दोन प्रश्न विचारायचे. देवळातला मराठी शिलालेख नक्की कुठे आहे, आणि राजवाड्यात कुठली कुठली तिकिटं काढावी लागतील. दोन्हीची उत्तरं पटकन आली तर माणूस तिथे खरोखर नेहमी जातो. "सर यू कम, आय विल शो एव्हरीथिंग" आलं की फोन ठेवा.

घाटमाथा

आमचं आजोळ तंजावरचं, म्हणजे आईकडचे तिथले देशस्थ, तमिळ लोक रायर म्हणतात आम्हाला. घरात अजून मराठी बोलतात पण तुम्हाला अर्धी कळेल अर्धी नाही. लोक फक्त वाडा आणि देऊळ बघून जातात त्याचं थोडं वाईट वाटतं. पश्चिम राजवीथी, दक्षिण राजवीथी असे रस्ते आहेत वाड्याभोवती, तिथे फिरा, समर्थ संप्रदायाचे मठ आहेत, भजनांची परंपरा आहे. तमिळ हरिकथेवर आपल्या कीर्तनाचा जो ठसा आहे तो इथूनच गेलाय. खाजगी गाईडचा फायदा हाच की गाडी थांबव म्हणलं तर थांबते, ग्रुप टूरमध्ये बस सुटते.

एक सूचना, शिवाजी महाराज आणि व्यंकोजी यांची भेट 1677 ला कोल्लिडम नदीकाठी झाली होती, त्रिचीहून येताना त्याच भागातून येता. वाटणीवरून बिनसलं आणि व्यंकोजी रात्रीत नदी ओलांडून निघून आले ही हकीकत गाडीत बसून सासऱ्यांना वाचून दाखवा, तास कसा गेला कळणार नाही.

पाटणकरीण

अरे हे आधी सांगायचं ना! राजवीथी राहिली आमची.

कोल्हापुरी_पायताण

बरं मी एवढं सगळं वाचून थोडा नरम पडलोय. पण गणपतीचे पैसे कोण देणार

निवांत_नाशिक

आमचा नऊ वर्षांचा पोरगा कंटाळेल का ओ? त्याला देवळं, म्युझियम म्हणलं की पोट दुखतं. आणि पोंगलच्या सुट्टीत जायचा विचार आहे.

पाटणकरीण

पोंगलला शक्यतो नको, गर्दी मरणाची, गाड्यांचे भाव वाढलेले आणि काय उघडं काय बंद याचा पत्ता नाही. आधीचा किंवा नंतरचा आठवडा बघा. बुधवार पण टाळा, लायब्ररी म्युझियम बंद असतं. आणि मार्चनंतर मुलाला घेऊन जाऊच नका, उन्हाने तुम्हीच कंटाळाल.

पोरगा कंटाळणार नाही. वाड्यात एका भल्यामोठ्या देवमाशाचा सांगाडा ठेवलाय, समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेला. आणि तो आठ मजली निमुळता मनोरा, शस्त्रागाराचा, जवळजवळ एकशे नव्वद फूट. मनोऱ्यांवर चढू देतात की नाही ते त्या दिवशीच्या पहारेकऱ्यावर असतं, गाईडला विचारायला लावा, तमिळमध्ये विचारलं की काम लवकर होतं. बाहेर मान डोलवणाऱ्या बाहुल्या मिळतात त्या घेऊन द्या एक.

चेन्नईवासी_मावशी

बाहुली बाजारातून घ्या, वाड्याच्या दारातून नको. आणि भाव अर्ध्यापासून सुरू करा.

निवांत_नाशिक

फेब्रुवारीचा पहिला आठवडा फायनल करतो मग. पाटणकरीण ताई, गाईडचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) कराल का?

पाटणकरीण

केलाय. आधी मोडीखोरांचे दोन प्रश्न विचारा त्यांना, पास होतील :)